दोन पाइपलाइन, एक टेबल: ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’मध्ये न सापडणारा प्रश्न

सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. पहिली आवृत्ती १९८६ ची. तिसरे लेखक एस. सुदर्शन आयआयटी मुंबईचे. सातव्या आवृत्तीत वेअरहाऊस अकराव्या प्रकरणात येते, ट्रान्झॅक्शन सतराव्यात. या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न पडून राहिला आहे, आणि नोकरीला लागल्यावर तोच आधी भेटतो: एकाच टेबलात दोन पाइपलाइन लिहीत आहेत, हे ओळखायचे कसे?

आधी जमेची बाजू. एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळवण्याच्या साध्या उदाहरणापासून सिरियलायझेबिलिटीपर्यंतचा प्रवास सतरावे प्रकरण फार स्वच्छ करून देते. पण तिथली अडचण वेळेची आहे. दोन ट्रान्झॅक्शनच्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या, तरी परिणाम एकामागून एक चालवल्यासारखा आला की काम झाले.

वेअरहाऊसमध्ये भांडण तिथून पुढे सुरू होते. समजा, एका वीज वितरण कंपनीत ‘मासिक वापर’ नावाचे टेबल आहे. रात्री १ वाजता एक पाइपलाइन मीटरवाचनावरून ते पुसून नव्याने भरते. पहाटे ४ वाजता दुसऱ्या गटाने पूर्वी कधीतरी लिहिलेली पाइपलाइन बिलांच्या नोंदींवरून तेच टेबल पुसून भरते. लॉक अडत नाही, डेडलॉक होत नाही, शेड्यूल तर अक्षरशः सिरियल आहे. दोन्हीकडे हिरवा दिवा. फक्त ३ वाजता निघालेला अहवाल आणि ९ वाजताचा अहवाल जुळत नाहीत. एखाद्या रात्री पहिली पाइपलाइन रखडली आणि दुसरीनंतर धावली, तर दिवसभर वेगळेच आकडे दिसतात. सिरियलायझेबिलिटीला दोन्ही क्रम चालतात. आपल्याला कोणता हवा, हे ती विचारत नाही. म्हणून सतरावे प्रकरण पाठ असलेला विद्यार्थीही इथे चूक शोधत बसतो.

अकरावे प्रकरण डेटा गोळा कसा करायचा, स्वच्छ कसा करायचा, स्कीमा कसा बांधायचा हे सांगते. टेबलाचा मालक कोण आणि लिहिणारे किती, यावर ते थांबत नाही. एअरफ्लोची सुरुवात २०१४ ची आहे. २०१९ च्या आवृत्तीकडून ही अपेक्षा जास्त म्हणता येणार नाही.

ओळखण्याचा पहिला मार्ग कोड वाचण्याचा. प्रत्येक पाइपलाइनच्या एसक्यूएलमधून इन्सर्ट, मर्ज, अपडेट यांचे लक्ष्य टेबल काढायचे आणि एकाच लक्ष्याचे दोन धनी दिसतात का ते पाहायचे. डीबीटी हे काम काही अंशी आपणहून करते: एकाच प्रकल्पातली दोन मॉडेल एकाच नावाचे टेबल बनवणार असतील, तर ते चूक दाखवून थांबते. पण ते आपल्या अंगणापुरतेच. शेजारच्या पायथन स्क्रिप्टने टेबलाचे नाव चालताना जोडून तयार केले, तर कोड वाचूनही हाती काही लागत नाही.

म्हणून माझा भर लॉगवर आहे. बिगक्वेरीच्या जॉब्स व्ह्यूत प्रत्येक कामाचे लक्ष्य टेबल मिळते. स्नोफ्लेकच्या ॲक्सेस हिस्टरीत बदललेल्या वस्तूंची नोंद असते. टेबलानुसार गट पाडा, वेगवेगळे लिहिणारे मोजा, एकापेक्षा जास्त असतील ते बाजूला काढा. क्वेरी पाच ओळींची आहे. खरे कष्ट ‘लिहिणारा’ कोण हे ठरवण्यात. सगळ्या पाइपलाइन एकाच सर्व्हिस अकाउंटवरून चालत असतील, तर मोजणी कायम एकच येणार. अशा वेळी प्रत्येक जॉबला लेबल किंवा क्वेरी टॅग लावल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरी फसगत नावांची: काही पाइपलाइन तात्पुरते टेबल भरतात आणि शेवटी त्याचे नाव बदलून मूळ टेबलाच्या जागी ठेवतात. लॉगमध्ये इन्सर्टपुढे भलतेच नाव दिसते, त्यामुळे रिनेमच्या नोंदीही जोडून घ्याव्या लागतात. तिसरी काळाची. बिगक्वेरी हा इतिहास १८० दिवस ठेवते. वर्षातून एकदा, ३१ मार्चला चालणारी पाइपलाइन ऑक्टोबरात शोधू गेलात तर सापडायची नाही.

सापडलेली प्रत्येक जोडी दोषी नसते. एक पाइपलाइन इंदूरचे पार्टिशन लिहिते आणि दुसरी जबलपूरचे, तर भांडण कसले? जुना डेटा पुन्हा भरणारे बॅकफिलही असेच दिसते. दोघी एकाच पार्टिशनमध्ये लिहितात का, आणि त्यातली एखादी आधीच्या ओळी पुसते का, हे दोन प्रश्न विचारले की यादी बरीच आखडते.

पुढच्या आवृत्तीत हा भाग येईल तेव्हा येईल. तोवर प्रयोगशाळेत पोस्टग्रेसवर हे करता येते: एकाच टेबलात लिहिणाऱ्या दोन क्रॉन स्क्रिप्ट ठेवा, दोघींना वेगळे ॲप्लिकेशन नेम द्या, लॉग स्टेटमेंटची सेटिंग ‘मॉड’वर ठेवा, लॉगच्या प्रत्येक ओळीआधी ॲप्लिकेशन नेम छापायला सांगा. मग फक्त लॉग हातात देऊन, स्क्रिप्ट न दाखवता, टेबलात लिहिणारे किती ते विद्यार्थ्यांना विचारा.