पटकीची लस आणि छावणीतील पुरावा : एक परीक्षण

वाल्डेमार हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेमुळे मराठी वाचकास परिचित आहे. परंतु प्लेगच्या लशीच्या कीर्तीपुढे त्यांचे पटकीविषयक आधीचे कार्य मागे पडते. १८९३ ते १८९५ या काळात त्यांनी हिंदुस्थानात सुमारे ४२,००० व्यक्तींना पटकीची लस टोचली. त्यांत सैनिक, कैदी आणि चहामळ्यांतील मजूर होते. या निवडीमागील तर्क सयुक्तिक होता. छावणीत माणसांची गणती पक्की असते, अन्नपाणी एक असते. म्हणून टोचलेल्यांची व न टोचलेल्यांची तुलना करता येते. या आग्रहाचे श्रेय हाफकिन यांना दिलेच पाहिजे.

तथापि तुलना करता येणे आणि सिद्धांत प्रस्थापित होणे या दोन भिन्न गोष्टी होत. लखनौ येथील ईस्ट लँकेशायर पलटणीत १८९४ साली पटकी उद्भवली. न टोचलेल्या ६४० जणांपैकी १२० आजारी पडले व ७९ दगावले. टोचलेल्या १३३ जणांपैकी १८ आजारी पडले व १३ दगावले. म्हणजे आजाराचे प्रमाण शेकडा सुमारे १९ वरून साडेतेरावर आले. इतक्या लहान समूहात एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. शिवाय आजारी पडलेल्यांत मृत्यूचे प्रमाण टोचलेल्यांत शेकडा ७२, तर इतरांत ६६ होते. टोचणीस वर्षाहून अधिक काळ लोटला होता, ही सबब ग्राह्य धरली तरी एक गोष्ट उरते : रोग जडल्यावर त्या लशीचा आधार रुग्णास मिळाला नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. छावणीची शिस्त वस्तीत नसते. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी १९४७ नंतर सिंधी निर्वासितांचे घर झाली आणि १९४९ मध्ये उल्हासनगर म्हणून ओळखली जाऊ लागली. जागा तीच राहिली, पण हुकमाने पाणी उकळून घेणारी पलटण तेथे उरली नाही. उल्हास खोऱ्यात कात्रप-बदलापूरपर्यंत पसरलेल्या नागरी वस्तीलाही हेच लागू आहे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण नातेवाइकांकरवी पाजविले व मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्या खाली आणले. तेथे हुकूम नव्हता. आईच्या हातातील पेला होता.

लष्करी संशोधनाने मोजण्याची शिस्त दिली. परंतु त्याचे निष्कर्ष नागरी जीवनास लावण्यापूर्वी ते कोणाच्या शिस्तीवर उभे आहेत, हे अभ्यासकाने प्रथम विचारावयास हवे.