फ्यूज कुठला काढायचा?

‘टिन कॅन’ या २०२२ साली आलेल्या व्हिडिओ गेममध्ये शत्रू नाही, बंदूक नाही, जिंकायला एखादा ग्रहही नाही. मोठं जहाज सोडून खेळाडू एका जुनाट एस्केप पॉडमध्ये शिरतो आणि मदत येईपर्यंत जिवंत राहणं एवढंच काम त्याच्यापुढे उरतं. पॉडमध्ये प्राणवायू देणारं यंत्र आहे, कार्बन डायऑक्साइड शोषणारं यंत्र आहे, दाब आणि तापमान सांभाळणारी यंत्रं आहेत आणि या सगळ्यांना वीज लागते. प्रत्येक यंत्राचं झाकण उघडतं. आतले फ्यूज, बॅटऱ्या आणि इतर सुटे भाग हाताने उपसून दुसऱ्या यंत्रात बसवता येतात. अडचण एवढीच की भाग कधीच पुरेसे नसतात. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फ्यूज जळाला, तर कुणाचा काढून तिथे लावायचा? तापमानाच्या यंत्राचा काढला तर थोड्या वेळाने गारठायची पाळी. दाबाच्या यंत्राचा काढला तर पॉडला भोक पडेल तेव्हा काय करायचं, हा प्रश्न. सोबत माहितीपुस्तिका असते. ती शांतपणे वाचायची असते आणि नेमका तेवढाच वेळ हातात नसतो.

बिघडलेलं यान चालू ठेवण्याचे असे खेळ गेल्या दहा-बारा वर्षांत चांगलेच रुजले आहेत. त्यांचं परीक्षण वर्तमानपत्रांत क्वचित होतं; ते करतात खेळणारेच, आणि बारकाईने करतात. त्यांची मतं ओळीने वाचत गेलं की एक धागा हाती लागतो. दुरुस्ती करायला लागते म्हणून फारसं कुणी कुरकुरत नाही. बिघाड का झाला हे कळायला वाव नसेल, तर मात्र लोक वैतागतात. बिघाडाला कारण असावं, ते शोधता यावं आणि उपायाची काहीतरी किंमत मोजावी लागावी, या तीन अटी ज्या खेळाने पाळल्या त्याला खेळाडूंनी कच्चे ग्राफिक्स, अवघड मेन्यू, सगळं माफ केलं. ज्याने पाळल्या नाहीत, त्याला देखणेपणाही वाचवू शकला नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ‘एफटीएल: फास्टर दॅन लाइट’. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी २०१२ साली किकस्टार्टरवर १० हजार डॉलर मागितले, लोकांनी दोन लाखांहून अधिक दिले. खेळात यान वरून दिसतं, घराच्या नकाशासारखं: ही इंजिनाची खोली, ही शस्त्रांची, ही प्राणवायूची. खोलीत आग लागली तर दोन मार्ग. माणसं पाठवून विझवायची, किंवा बाहेरचे दरवाजे उघडून हवाच सोडून द्यायची. हवा गेली की आग मरते, पण आत कुणी असेल तर तोही गुदमरतो. आता प्राणवायूच्याच खोलीला आग लागली आहे असं समजा. हवा सोडून दिली तर आग विझेल, पण दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला श्वास घेता येणार नाही; नाही सोडली तर यंत्र जळून जाईल. खेळाडू स्पेसबार दाबून खेळ थांबवतो आणि मिनिटभर नुसता पडद्याकडे बघत बसतो. ते थांबून बघणं हाच या खेळाचा खरा आनंद आहे. कोण जाणार हाही प्रश्न असतोच, कारण ‘एंजी’ जमातीचा माणूस दुरुस्ती दुप्पट वेगाने करतो पण हातघाईच्या लढाईत निम्म्याने कमी पडतो.

या खेळाबद्दलचा जुना वाद नशिबाचा आहे. वाटेतल्या दुकानात नेमकी हवी ती वस्तू मिळालीच नाही, म्हणून हरलो, असं सांगणारे खूप. त्याच खेळात सगळ्यात कठीण पातळीवर सातत्याने जिंकणारेही आहेत, त्यामुळे नशिबाचा मुद्दा निम्माच टिकतो. खेळाडूंची दुसरी तक्रार जास्त खरी आहे. शेवटची लढाई एका अवाढव्य बंडखोर जहाजाशी असते आणि तिच्यासाठी ठरावीक धाटणीचीच शस्त्रसज्जता लागते. वाटभर परीक्षा होते ती निभावून नेण्याच्या कौशल्याची, शेवटचा पेपर मात्र मारक क्षमतेचा. २०१४ साली आलेल्या ‘ॲडव्हान्स्ड एडिशन’ने खेळात पुष्कळ भर घातली आणि तीही फुकट, पण ही गाठ तशीच राहिली.

प्राणवायूचा काटा हे या खेळांमधलं सर्वांत वापरलं गेलेलं आणि सर्वांत वाया घालवलेलं साधन. ॲडम ऑर्थ यांच्या चमूचा २०१६ सालचा ‘ॲड्रिफ्ट’ दिसायला अतिशय सुंदर होता. फुटलेल्या अंतराळस्थानकाचे तुकडे, खाली फिरणारी पृथ्वी, गळका स्पेससूट. पण गळका सूट म्हणजे दर थोड्या वेळाने तरंगत जाऊन प्राणवायूची कुपी पकडायची, आणि तेच काम स्थानकाच्या एकामागून एक विभागात करायचं. खेळाडू काही काळ भारावले आणि मग कंटाळले. ‘ब्रीदएज’मध्येही सुरुवातीचा बराच वेळ श्वास संपायच्या आत यानात परत येण्याच्या हेलपाट्यांत जातो. कमी होत जाणारा काटा धाक दाखवू शकतो. विचार करायला लावायचं तर त्या काट्यामागे एखादं यंत्र लागतं, उघडून बघता येईल असं.

खऱ्या अंतराळातल्या दुरुस्त्या बघितल्या की हा फरक लख्ख कळतो. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ ची प्राणवायूची टाकी फुटली आणि तीन अंतराळवीरांनी चांद्रयानात आसरा घेतला. ते यान दोघांसाठी बनवलेलं होतं, तिघांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. मुख्य यानात तो शोषणारे डबे शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातली जागा गोल. ह्यूस्टनच्या अभियंत्यांनी प्लास्टिकची पिशवी, पुस्तिकेचा पुठ्ठा, स्पेससूटची नळी आणि चिकटपट्टी एवढ्या सामानात तोड काढली आणि रेडिओवरून पायरी-पायरीने सांगितली. सप्टेंबर २०१२ मध्ये सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं वीजवाटपाचं यंत्र बसवताना अडलेल्या बोल्टची जागा साफ करायला चक्क टूथब्रश वापरला. दोन्ही वेळी काय अडलं आहे ते नेमकं ओळखता आलं आणि मग हाताशी असलेली वस्तू भलत्याच कामाला लागली. ‘टिन कॅन’ खेळणाऱ्यांना हेच हवं असतं आणि तो खेळ ते बऱ्याच अंशी देतो. तरी त्याच्याबद्दलही एक नाराजी आहे. यंत्रं एकदा पाठ झाली की भीती ओसरते, आणि मग पुढे काय, याचं उत्तर खेळाकडे नाही.

ज्यांना पाठ होण्याची भीतीच नको, त्यांच्यासाठी ‘स्टेशनिअर्स’ आहे. ‘डेझी’ या खेळामुळे नाव झालेल्या डीन हॉल यांच्या न्यूझीलंडमधल्या रॉकेटवर्क्झ कंपनीने तो २०१७ च्या डिसेंबरमध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला, आणला. यात वायूंचा दाब, तापमान, मिश्रण यांचं गणित प्रत्येक नळीगणिक चालतं. चुकीचा वायू तापलेल्या नळीत सोडला तर नळी फुटते, आणि फुटली की खोलीची हवा बिघडते. यंत्रं आपोआप चालावीत म्हणून छोट्या चिपवर स्वतः प्रोग्रॅम लिहावा लागतो. जाणकार खेळाडू या सखोलतेवर बेहद्द खूश आहेत. साधा स्क्रूड्रायव्हर हातात धरण्यासाठीही किती बटणं लागतात, म्हणून वैतागणारेही तितकेच. या दोघांचं म्हणणं खरं आहे आणि त्यांत विरोध नाही. नळ्यांचं गणित अवघड असावं. हातातली वस्तू खिशात ठेवणं अवघड असण्याचं कारण नाही.

खेळाडूंच्या अशा मतांत स्टीम या खेळविक्रीच्या मंचाच्या एका नियमाचा मोठा वाटा आहे. विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून परत करता येतो. ग्राहकासाठी नियम चांगला आहे. पण ज्या खेळात यंत्र समजायलाच तीन-चार तास लागतात, त्याचा निकाल दोन तासांत लागू शकतो. स्टीमवरच्या प्रत्येक मतासोबत ते देणारा किती तास खेळला, हे लिहिलेलं असतं. म्हणून या प्रकारच्या खेळांची मतं वाचताना अंगठा वर आहे की खाली यापेक्षा तासांचा आकडा आधी बघावा. दीड तासाचं ‘काहीच कळत नाही’ आणि चारशे तासांचं ‘आता नवीन काही उरलं नाही’ ही दोन वेगळ्या खेळांबद्दलची मतं आहेत. पहिलं शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे, दुसरं खेळाच्या आयुष्याबद्दल.

आणि काही मतं खेळापेक्षा दिलेल्या शब्दाबद्दल असतात. ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा मोडक्या यानापासून होणारी त्याची सुरुवात अनेकांना आवडली होती, पण जाहिरातीत दिसलेलं पुष्कळ काही प्रत्यक्षात नव्हतं आणि खेळाडूंनी त्याला झोडपून काढलं. तो बनवणाऱ्या हॅलो गेम्सने वर्षानुवर्षं फुकट भर घातली. २०२४ च्या अखेरीस एकूण मत ‘अतिशय अनुकूल’ या पायरीवर पोचलं. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत ५० डॉलरला विकायला काढला गेला, आणि पुढच्याच वर्षी तो बनवणारा स्टुडिओ बंद झाला. तिथला राग अजून शमलेला नाही, आणि तो रास्त आहे.

या सगळ्यांत ज्याच्याकडे परत परत बघावंसं वाटतं तो खेळ दुरुस्तीचा नाहीच, तोडण्याचा आहे. कॅनडाच्या ब्लॅकबर्ड इंटरॅक्टिव्हचा ‘हार्डस्पेस: शिपब्रेकर’ जून २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आणि मे २०२२ मध्ये पूर्ण रूपात आला. लिंक्स नावाच्या कंपनीचं शंभर कोटी डॉलरच्या वरचं कर्ज डोक्यावर घेऊन खेळाडू अंतराळात जुनी यानं तोडतो. भट्टीत जायचं ते भट्टीत, प्रक्रियेला जायचं ते तिकडे, पुन्हा वापरता येईल ते बार्जवर. हवेने भरलेली खोली आधी दाब न सोडता कापली तर आतली हवा एका झटक्यात बाहेर पडते आणि पॅनल, खुर्च्या, खेळाडू सगळं उधळून देते. इंधन असलेल्या नळीवर कटर लागला तर भडका. रिॲक्टर जागेवरून सोडवला की तो वितळण्याची उलटी गिनती सुरू होते. तेवढ्या वेळात तो बार्जवर नेऊन टाकायचा. मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला जहाजं तोडणाऱ्या कामगारांना ही कामाची रीत ओळखीची वाटेल. टाकीत उरलेला वायू गॅसकटरच्या ठिणगीने पेटण्याचा धोका तिथे रोजचा आहे, आणि तिथे मेल्यावर कंपनी नवी प्रत बनवून देत नाही. या खेळात देते, आणि त्याचे पैसे कर्जात वाढवते.

यान सांभाळण्याच्या कुठल्याही खेळाइतकंच, किंबहुना जास्तच, इथे यान समजून घ्यावं लागतं. कुठली भिंत कशावर टेकली आहे, कुठला सांधा आधी कापायचा, कुठल्या दाराच्या पलीकडे हवा आहे. पहिलं यान खेळाडू घाबरत तोडतो, विसावं खाटकाच्या सफाईने. मतभेद झाला तो पंधरा मिनिटांच्या पाळीवरून. निवांतपणे, एकेक तुकडा सोडवत काम करण्याचं सुख ज्यांना मिळालं, त्यांना घड्याळ नकोसं झालं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, घड्याळ नसेल तर मालकाच्या घाईचा अर्थच उरत नाही. ब्लॅकबर्डने वेळेच्या बंधनाशिवाय खेळण्याची सोय केली आणि ते योग्य केलं, कारण हा खेळ घड्याळाशिवायही उभा राहतो. पूर्ण आवृत्तीत मात्र कामगार संघटनेची कथा सांगायला कानात बोलणारे सहकारी सारखे कामात व्यत्यय आणतात, ही तक्रार सर्वदूर होती. कथेचा विषय मोलाचा आहे. पण कर्ज, पाळी आणि कटर यांतून खेळाडूच्या अंगावर आलेलं शोषण पुन्हा तोंडाने समजावून सांगण्याची गरज नव्हती. यानांचे मोजकेच प्रकार, हा दुसरा आक्षेपही टाळता येण्यासारखा नाही.

अवघड यंत्रं हवीतच, असा मात्र यातून नियम काढता येत नाही. २०१९ सालच्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये दुरुस्ती म्हणजे मोडलेल्या भागाकडे बघून बटण दाबून धरायचं, बस्स. तरीही तिच्याबद्दल तक्रार जवळपास ऐकू येत नाही. कारण यान आपणच आपटलेलं असतं. एका बाजूचे थ्रस्टर गेले की यान एका दिशेला ढकललं जात नाही, उतरताना बघायचा कॅमेरा फुटला की खालचं दिसत नाही. जेटपॅकचं इंधन संपलं तर तो श्वासाचा प्राणवायू जाळायला लागतो, आणि हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. उपाय सोपा आहे. चूक आणि तिचा परिणाम यांमधलं नातं सरळ आहे. मघाच्या तीन अटींपैकी शोधण्याची अट इथे जवळपास गळालेली आहे आणि कारणाची अट इतकी भक्कम आहे की उणीव जाणवत नाही.

पाठ झालेल्या यंत्रावरचा सर्वांत परिणामकारक तोडगा म्हणजे दुसरी माणसं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भारतातल्या घराघरांतली पोरं ‘अमंग अस’ खेळत होती. त्यात तारा जोडणं हे काम पाच वर्षांच्या मुलालाही जमेल असं. रिॲक्टर बिघडला की मात्र दोघांनी दोन टोकांना एकाच वेळी हात टेकवून उभं राहावं लागतं, आणि दुसऱ्या टोकाला उभा असलेला विश्वासाचा आहे का, हे कळायला मार्ग नसतो. मार्च २०२३ मध्ये पूर्ण झालेला ‘बॅरोट्रॉमा’ याच वाटेने फार पुढे जातो. त्यात यान नाही, गुरू ग्रहाच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाखाली फिरणारी पाणबुडी आहे, पण अडचणी त्याच: रिॲक्टर, वीज, गळती, कमी पडणारी हवा. पाणबुडीतली जवळपास प्रत्येक तार काढून वेगळी जोडता येते. एकाने सोय म्हणून पंपाची तार बदलली आणि सांगायचं राहिलं, की तासाभराने दुसरा कंबरभर पाण्यात उभा राहून पंप का चालत नाही ते शोधत असतो. एकट्याने खेळणारे या खेळाला कोरडा म्हणतात, मित्रांबरोबर खेळणारे वर्षानुवर्षं सोडत नाहीत. दोन्ही मतं एकाच कारणाने खरी आहेत: इथला अर्ध्याहून अधिक बिघाड सोबत्यांनी घातलेला असतो, आणि तो कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतो.