मंजुळेंचा दगड आणि आपली खुर्ची

नागराज मंजुळेंचा विषय निघाला की कुणीतरी इटालियन नववास्तववाद काढतोच. साम्य आहे. डी सिकानं १९४८ साली ‘बायसिकल थीव्ह्‌ज’साठी कारखान्यातला कामगार नायक केला, करमाळ्याकडच्या जेऊरच्या या माणसानंही कॅमेरा न पाहिलेली पोरं उभी केली. पण डी सिका बाप-लेकाला गर्दीत सोडतो, आपले डोळे पाणावतात, आणि रडलो म्हणून जरा बरंही वाटतं. मंजुळे ही सवलत देत नाहीत.

‘फँड्री’ आठवा. कैकाडी कुटुंब डुकरामागं धावतंय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निसटतं. थिएटरात लोक हसतात. प्रसंग विनोदीच आहे. पण पडद्यावरचं गावही हसतंय ना! पुढं बांधलेलं डुक्कर भिंतीवरच्या आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराजांच्या चित्रांसमोरून नेलं जातं. शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याकडं येतो. आमच्या शास्त्राच्या भाषेत, बघणारा इथं साक्षी राहत नाही, पक्षकार होतो. साधं सांगायचं तर, हसणाऱ्या गावात आपण कधी जाऊन बसलो, ते आपल्याला कळलंच नव्हतं.

‘सैराट’बद्दल (२०१६) मात्र माझी तक्रार आहे. शेवट अचाट: आवाजच काढून घेतला, रक्तात पाय भरलेलं लेकरू बाहेर पडतं आणि काही ऐकू येत नाही. पण ‘झिंगाट’? आपल्या बीडात, केजात, माजलगावात ते वरातीपुढं दणक्यात वाजतं, आणि वरात बहुधा जातीतल्याच लग्नाची. ज्या नियमानं आर्ची-परश्याला मारलं, त्याच नियमाच्या मिरवणुकीत त्यांचं गाणं! लोकांना बोल लावणं सोपंय. पण पूर्वार्ध इतका गोड केला की तो शेवटापासून सुटा काढता आला. हिंदी ‘धडक’नं गाणं ठेवलं, जात जवळपास गाळली.

‘झुंड’मध्ये (२०२२) निवृत्तीला आलेला मास्तर पोरांचा कैवारी होतो. मी मास्तरच, मला आवडायला हवं होतं. पण कोर्टात पोरांच्या वतीनं अमिताभ लांबलचक बोलतात, तेव्हा आपण पुन्हा निवांत रेलून बसतो. त्याच वर्षीच्या ‘वैकुंठ’ या लघुपटात कोविडकाळातला स्मशान-कामगार मंजुळे स्वतः झालेत. तिथं त्याची बाजू मांडायला कुणी येत नाही, आणि मला तरी रेलून बसता आलं नाही.