सुटकेनंतरचा मुलगा

बालगुन्हेगार मराठी लेखकाला अपरिचित नाही; परंतु त्याची कथा बहुधा दोनच ठिकाणी थांबते. तो पश्चात्तापाने वाकतो तेथे, अथवा परिस्थितीच्या जात्यात भरडला जातो तेथे. सुधारगृहातून सुटलेला आणि पुन्हा कोणाच्या तरी जिवावर उठलेला मुलगा या दोन्ही साच्यांत बसत नाही. अशी मुले थोडी, हे खरेच. पण सुधारणेवरील आपल्या श्रद्धेची परीक्षा तेच घेतात.

पहिल्या साच्याचा उत्तम नमुना म्हणजे 1957 चा 'दो आँखें बारह हाथ'. कथा ग. दि. माडगूळकरांची, प्रेरणा औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाची. तेथील कैदी प्रौढ आहेत, हे मान्य. तथापि सुधारणेविषयीची आपली कल्पना याच मुशीतून ओतलेली आहे. सहा खुन्यांवर जेलरच्या दोन डोळ्यांचा पहारा असतो. सोळा वर्षांच्या मुलाला असे डोळे सुधारगृहात लाभलेच, तर दाराबाहेर त्यांची जागा कोणी घ्यावी?

जयवंत दळवींचे 'चक्र' (1963) अधिक निर्दय, म्हणूनच मला अधिक खरे वाटते. वयात येणाऱ्या बेन्वाला मुरलेल्या लुक्काची ओढ वाटते. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात वाढलेल्या खानदेशी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. सुटलेला मुलगा परततो तो त्याच गल्लीत, आणि तेथे काही सोबत्यांच्या लेखी त्याच्या गुन्ह्यालाच पत असते. मात्र अशा वास्तववादी लेखनातील करुणा बहुतेक वस्तीकडेच वळते. ज्याच्यावर सुरा चालतो त्याचे घर क्वचित दिसते.

दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर समाज या दुसऱ्या घराच्या वतीने बोलू लागला. 2015 च्या बालन्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, गुन्हा अतिगंभीर असल्यास, प्राथमिक छाननीनंतर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट खुली केली. त्याच कायद्यात मुलाची ओळख गुप्त राखण्याचे बंधन आहे आणि संस्था सोडल्यावर एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देण्याची तरतूदही. संशय आणि आशा एकाच कायद्यात नांदतात! नाव झाकल्याने वार्ताहराचे हात बांधले जातात, कादंबरीकाराचे नव्हेत.

सुटकेचा दिवस आणि दुसरा वार यांमधले महिने अद्याप कोऱ्या कागदावरच आहेत: कामासाठी मारलेले हेलपाटे, जुन्या सोबत्याची पहिली हाक, आईचे न बोलणे. ते लिहिणाऱ्याने त्या वाराने उद्ध्वस्त झालेल्या घराचे दारही ठोठवावे. तेथे त्याला उंबऱ्याबाहेर उभे ठेवतील, हे धरूनच जावे.