कंबरदुखी, टक्केवारी आणि काम : ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीची एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत कामाला भिडणारा माणूस कंबर कसतो आणि परिस्थितीने खचलेल्याची कंबर मोडते. श्रमाचे केंद्र कंबरेत आहे ही जाणीव भाषेत मुरलेली आहे. आकडेवारीही त्याला दुजोरा देते. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीने ग्रासले होते. अपंगत्वासह काढावी लागणारी वर्षे मोजली असता जगातील सर्व विकारांत या दुखण्याचा क्रमांक पहिला लागतो. बारा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या कंबरदुखीस दीर्घकालीन म्हणण्याचा प्रघात आहे. अशा रुग्णाविषयी मालक, विमा कंपनी, न्यायालय आणि खुद्द रुग्ण यांचा प्रश्न एकच असतो : हा माणूस आपले काम करू शकेल काय? उत्तरादाखल जी टक्केवारी पुढे केली जाते ती पुष्कळदा ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीतून आलेली असते. ही टक्केवारी कार्यसामर्थ्याचे माप म्हणून वापरणे कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ('कार्यक्षमता' हा रूढ शब्द हेतुतः टाळला आहे. काम चोख व झटपट होणे हा अर्थ त्याला इतका चिकटला आहे की काम करता येणे हा मूळ अर्थ मागे पडतो.) लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. समाजशास्त्राच्या अध्यापकाने एखादा दस्तऐवज वाचावा, तशी ही प्रश्नावली वाचली आहे.

प्रश्नावलीत काम कोठे आहे?

इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथील अस्थिरोग रुग्णालयात जेरेमी फेअरबँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली ही प्रश्नावली १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे दहा विभाग आहेत : वेदनेची तीव्रता, स्वतःची निगा, उचलणे, चालणे, बसणे, उभे राहणे, झोप, कामजीवन, सामाजिक जीवन आणि प्रवास. प्रत्येक विभागास शून्य ते पाच गुण असतात. पन्नासपैकी मिळालेल्या गुणांची टक्केवारी काढतात. एखादा विभाग कोरा राहिल्यास छेद ५० ऐवजी ४५ धरतात. साधन सुटसुटीत आहे, पाच मिनिटांत भरून होते आणि उपचारापूर्वीची व नंतरची स्थिती ताडून पाहण्यास उपयोगी पडते. हे श्रेय निःसंशय दिले पाहिजे.

तथापि या दहा विभागांत व्यवसाय नाही. रुग्ण पोटासाठी काय करतो, हे एकही वाक्य विचारत नाही. विशेष म्हणजे कर्त्यांना ही उणीव जाणवली असावी असे त्यांच्याच स्पष्टीकरणावरून दिसते. वीस टक्क्यांपर्यंतच्या 'अल्प' गटाविषयी लिहिताना, काहींना बसण्याचा विशेष त्रास होतो आणि टंकलेखक किंवा वाहनचालक यांच्या बाबतीत तो महत्त्वाचा ठरू शकतो, अशी पुस्ती त्यांनी जोडली आहे. व्यवसाय असा गुणांकनात न येता टिपणीत येतो. पुढे टक्केवारी प्रवास करते, टिपणी मात्र मागेच राहते.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. बाजार समितीच्या आवारातील एका हमालास केवळ अगदी हलके वजन उचलता येते. 'उचलणे' या विभागात त्याला चार गुण मिळतील. वेदनेचे दोन आणि निगा, उभे राहणे व प्रवास यांचा प्रत्येकी एक गुण धरला तर बेरीज नऊ, म्हणजे अठरा टक्के होते. प्रश्नावलीच्या भाषेत हे अल्प अपंगत्व होय. त्याची रोजी मात्र पुरती बुडाली आहे. तो काहीच उचलू शकत नसता तरी आकडा वीसवर थांबला असता, कारण दहापैकी एका विभागाचा वाटा दहा टक्क्यांपलीकडे जाऊच शकत नाही. याउलट अर्ध्या तासाहून अधिक उभे राहता न येणाऱ्या प्राध्यापकास 'उभे राहणे' विभागात तीन गुण मिळतात. पाऊण तासाची तासिका त्याला जड जाईल हे खरे, पण वर्गात खुर्ची असते. (ती बरी अवस्थेत असेलच असे नाही, हा भाग वेगळा.)

'बसणे' या विभागातील विधाने खुर्ची गृहीत धरतात. प्रश्नावलीच्या मराठी आवृत्तीची विश्वसनीयता तपासणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भाषेचा अडसर दूर झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु शब्द मराठी झाले म्हणून बैठक मराठी होत नाही. उकिडवे बसून खुरपणी करणारी स्त्री किंवा वाकून भातलावणी करणारी शेतमजूर यांचे श्रम 'बसणे' आणि 'उभे राहणे' यांच्या मधल्या जागेत घडतात, आणि प्रश्नावलीत तेवढीच जागा रिकामी आहे.

आणखी एक बाब खटकते. ८१ ते १०० टक्क्यांचा गट एक तर अंथरुणाला खिळलेला, नाहीतर लक्षणे फुगवून सांगणारा मानला आहे. त्याच वर्षी गॉर्डन वॅडेल यांनी कंबरदुखीतील पाच 'अशारीरिक' चिन्हे मांडली. ढोंग उघडे पाडण्यासाठी त्यांचा सर्रास वापर होऊ लागला, तेव्हा ती ढोंगाची कसोटी नव्हे असे १९९८ मध्ये वॅडेल यांनाच ख्रिस मेन यांच्यासह लिहावे लागले. ज्याच्या कंबरेवर घर चालते त्याच्याकडे पाहण्याची सुरुवात संशयापासून होत असेल, तर तो खरे उत्तर मोकळेपणाने कसे देईल?

इतर साधने

प्रतिमा पाहून निर्णय घ्यावा म्हटले, तर १९९४ मधील एका प्रसिद्ध अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींपैकी ६४ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधील चकतीचा काही ना काही दोष आढळला होता. प्रत्यक्ष वजन उचलायला लावून सामर्थ्य मोजण्याच्या चाचण्याही आहेत. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात ग्रॉस व बॅटी यांनी केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चाचणीत चांगली कामगिरी करणाऱ्यांचे भत्ते काहीसे लवकर थांबले, परंतु त्यांचे दुखणे पुन्हा उद्भवणार नाही असे काही त्या कामगिरीवरून सांगता आले नाही.

फिनलंडमध्ये १९८० च्या दशकात विकसित झालेला कार्यसामर्थ्य निर्देशांक अधिक विचारपूर्वक रचलेला आहे. सात ते ४९ गुणांच्या या साधनात कामाच्या शारीरिक व मानसिक मागण्यांच्या संदर्भातच प्रश्न येतो. मात्र गेल्या वर्षातील आजारपणाच्या रजा तो मोजतो आणि एकही रजा न घेणाऱ्यास त्या बाबीचे पूर्ण पाच गुण देतो. फिनलंडच्या नगरपालिका कर्मचाऱ्यास हे लागू पडते. ज्याची मजुरी हजेरीवर आहे तो दुखणे अंगावर काढून कामावर जातो. गरिबीमुळे घेता न आलेली रजा येथे सामर्थ्य म्हणून नोंदली जाते.

न्यायालयाची दृष्टी

या बाबतीत न्यायालये दवाखान्यांच्या पुढे आहेत असे म्हणणे वावगे ठरणार नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालील एका दाव्यात डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराची कमावण्याची क्षमता शंभर टक्के गेली, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये उचलून धरला. सुतारकाम एका हाताने होत नाही, इतके साधे कारण त्यामागे होते. (तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली.) पुढे मोटार अपघाताच्या एका दाव्यात, ऑक्टोबर २०१० मध्ये, शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या भिन्न गोष्टी आहेत, असे याच न्यायालयाने विस्ताराने मांडले. अपंगत्व किती हे डॉक्टरांनी सांगावे. कमाई किती बुडाली हे ठरवणे न्यायाधिकरणाचे काम. त्यासाठी व्यक्ती आता काय करू शकते, पूर्वी तिचा व्यवसाय कोणता होता आणि अन्य कामावर ती गुजराण करू शकेल काय, हे पाहावे लागते. ऑस्वेस्ट्री प्रश्नावली यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे, तेही अंशतः, उत्तर देते.

पण न्यायालयापर्यंत पोहोचतो तो अपघातग्रस्त. वर्षानुवर्षे ओझे वाहून झिजलेल्या कंबरेला अपघाताची तारीख नसते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामुळे हमालाला नोंदणी व मंडळ मिळाले. त्याच्या हाती येणाऱ्या वैद्यकीय चिठ्ठीत मात्र 'जड वजन उचलू नये, हलके काम करावे' एवढेच असते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असताना, वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. साखरेचे पोते सामान्यतः ५० किलोचे असते. टोळीत हलके काम म्हणजे नेमके कोणते, हे मुकादमालाही सांगता येणार नाही.

म्हणून मराठी प्रश्नावलीस एक लहान पुरवणी जोडून पाहावी असे वाटते. रुग्ण दिवसभरात काय उचलतो, किती किलोचे, जमिनीवरून की थप्पीवरून, किती वेळा. किती वेळ वाकून वा उकिडवे बसून काम करतो. आणि ते सोडल्यास गावात वा बाजारात दुसरे कोणते काम त्याला खरोखर मिळू शकते. या माहितीस गुण देऊ नयेत आणि तिची बेरीजही करू नये. ती टक्केवारीशेजारी, त्याच पानावर लिहावी.