राणीच्या राज्यातली सून

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कादंबरी म्हटलं, की आपल्यापुढे धुकं, बग्गी आणि उंच टोपीतला साहेब उभा राहतो. वास्तविक राणीचं राज्य इकडेही होतंच. तेव्हा हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ हीसुद्धा व्हिक्टोरियन कादंबरीच. 1890 ते 1893 ती ‘करमणूक’ साप्ताहिकातून येत होती. सुरुवात केली तेव्हा हरिभाऊंचं वय अवघं 26!

डिकन्सचा पिप मोठा होतो तो लंडनला जाऊन. नवे कपडे शिवतो आणि लोहारकाम करणाऱ्या मेव्हण्याची लाज बाळगतो. आपली यमू मोठी होते ती माहेरच्या ओसरीवरून सासरच्या स्वयंपाकघरात जाऊन. नवऱ्याच्या प्रोत्साहनाने लिहायला-वाचायला शिकते, हीच तिची इस्टेट.

आमच्या देऊळगाव राजात या पुस्तकाचं नाव काढलं, की वडीलधाऱ्या बाया म्हणतात, “नको बाई, फार रडवतं.” रडवतं हे खरंच. पण मला वाचताना हसूही येतं, ते शंकरमामंजींचं. तोंडात शास्त्र आणि वागणं भलतंच, असा हा गृहस्थ. वरच्या समाजाची टिंगल करायला काही सरदार-दरकदार लागत नाहीत, एक प्रतिष्ठित मामंजी पुरतात! यमू भोळेपणाने सांगत जाते, आणि आपल्याला सोवळ्याखालचं दिसत जातं. पुढे विधवा यमूचं याच मामंजींच्या पुढाकाराने बळजबरीने केशवपन होतं, तेव्हा ते हसू घशातच अडकतं.

दोष आहेत. पाल्हाळ फार. यमू एकच दुःख दोनदा सांगते. पण पहिल्यांदा सांगून कुणी लक्षात घेत नसेल, तर माणूस दुसऱ्यांदा सांगणारच की!

मी पडलो बँकेतला कारकून. थकबाकी दिसली की हात शिवशिवतात. विधवेचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला, तो मे 2022 मध्ये. कादंबरी संपली 1893 साली. मधली 129 वर्षं कुणाच्या नावे टाकायची? शंकरमामंजींच्या, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ते खातं त्यांच्या एकट्याचं नव्हतंच. त्यांना पाट मांडून, मान देऊन जेवायला वाढणारे सगळे संयुक्त खातेदार!