'स्वयंशिक्षित' या विशेषणाची मर्यादा : के. एच. आरा यांच्या आरंभीच्या पुष्पचित्रांच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास सांगताना कृष्णाजी हौलाजी आरा (१९१४–१९८५) यांच्या नावामागे 'स्वयंशिक्षित' हे विशेषण हमखास येते. हैदराबादजवळील बोलारम येथे जन्मलेले आरा लहान वयातच घर सोडून मुंबईस आले. मोटारी धुणे, घरकाम अशी कामे करून त्यांनी उदरनिर्वाह केला. मिठाच्या सत्याग्रहातील सहभागाबद्दल त्यांना तुरुंगवासही घडला. कलाशाळेतील रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. ही जीवनकथा इतकी प्रभावी आहे की तिच्यापुढे चित्राकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या आरंभीच्या पुष्पचित्रांच्या आधारे हे विशेषण चित्राच्या आकलनास कितपत साहाय्यभूत ठरते, याचा विचार केला आहे.

विषयाची निवड

कलाशिक्षणात स्थिरचित्र हा प्रामुख्याने सरावाचा विषय मानला जातो. भांडे, फळे, फुले आणि वस्त्राची घडी मांडून आकार, प्रमाण व छायाप्रकाश यांचा अभ्यास करावयाचा आणि मग मानवाकृती व प्रसंगचित्रणाकडे वळावयाचे, असा हा क्रम आहे. युरोपीय अकादमींनीही चित्रविषयांच्या श्रेणीत स्थिरचित्राला तळाचे स्थान दिले होते. बारामती आणि इंदापूर परिसरातील शाळांत शासकीय रेखाकला परीक्षांना बसणारा विद्यार्थी या प्रकाराशी परिचित असतो. पण परीक्षा संपली की तो विषयही संपतो.

आरा यांनी मात्र या पायरीलाच आपले कार्यक्षेत्र मानले. अन्य विषय त्यांना जमत नव्हते, असे म्हणता येत नाही. मानवाकृती आणि प्रसंगचित्रे त्यांनी रंगविली आहेत. १९४४ मध्ये त्यांना गव्हर्नरचे पारितोषिक मिळाले, तर १९५२ मध्ये 'टू जग्ज' या स्थिरचित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. फुलदाणीकडे ते पुनःपुन्हा वळले, ही त्यांची निवड होती.

रचनेचे स्वरूप

आरंभीच्या पुष्पचित्रांत आरा यांनी जलरंग व अपारदर्शक जलरंग ही माध्यमे वापरली. मुंबईच्या कलाशाळेच्या परंपरेत जलरंगाचे सामर्थ्य त्याच्या पारदर्शकतेत मानले जाई. कागदाचा पांढरेपणा राखणे हे कौशल्याचे लक्षण होते. आरा यांनी तोच रंग तैलरंगासारखा दाट लावला. फुलदाणी बहुधा चित्राच्या मध्यभागी असते, फुलांचा भार चौकटीच्या कडांपर्यंत पोहोचतो आणि पार्श्वभूमी मागे सरण्याऐवजी फुलांच्या बरोबरीने पुढे येते. फूल कोणत्या जातीचे हे अनेकदा सांगता येत नाही. त्याचे वजन मात्र जाणवते.

परीक्षकाच्या दृष्टीने अशा चित्रांत उणिवा दाखविता येतील. भांड्याच्या तोंडाची लंबवर्तुळे काटेकोर नसतात, टेबलाचा पृष्ठभाग प्रेक्षकाकडे कललेला वाटतो, छाया एका दिशेची नसते. परंतु या 'चुका' दुरुस्त केल्यास काय होईल, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. टेबल यथार्थदर्शनाच्या नियमानुसार मागे गेले, तर त्यासोबत फुलेही मागे जातील आणि ज्या रेट्यामुळे चित्र उभे राहते तो रेटाच नाहीसा होईल. म्हणजेच ज्यास आपण अज्ञान समजतो, तो प्रत्यक्षात रचनेचा आधार आहे.

'स्वयंशिक्षित' म्हणजे अशिक्षित नव्हे

कलासमीक्षक रूडी फॉन लायडन आणि ऑस्ट्रियाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांचे प्रोत्साहन आरा यांना लाभले. १९४२ मध्ये मुंबईतील चेतना येथे त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले. पाहणे, चर्चा करणे आणि समकालीनांच्या सहवासात काम करणे हेही शिक्षणच होय. फक्त त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही.

या संदर्भात रुमानियन चित्रकार इयॉन त्सुकुलेस्कू (१९१०–१९६२) यांचे उदाहरण उद्‌बोधक ठरते. तेही स्वयंशिक्षित म्हणून ओळखले जातात. मात्र ते जीवशास्त्राचे अभ्यासक आणि वैद्यक पदवीधर होते. उच्च विद्याविभूषित वैद्य आणि मोटारी धुणारा कामगार या दोघांना एकच विशेषण लागू पडते. तेव्हा ते केवळ एक अभाव नोंदविते; चित्राविषयी ते काहीही सांगत नाही, हे स्पष्ट होते.

अर्थात आरा यांची सर्वच पुष्पचित्रे समान दर्जाची नाहीत. विषयाच्या पुनरावृत्तीमुळे काही चित्रांत शोधाची जागा हाताच्या सवयीने घेतलेली दिसते. ही मर्यादा स्पष्टपणे नोंदविणे, हाच त्यांचा खरा सन्मान होय. परिस्थितीकडे पाहून सूट दिलेल्या कलावंताला आपण नकळत दुय्यम ठरवीत असतो.

निष्कर्ष

१. आरा यांच्या पुष्पचित्रांतील नियमभंग रचनेच्या गरजेतून आलेला असून तो शिक्षणाच्या अभावाचा परिणाम म्हणून स्पष्ट करता येत नाही.

२. 'स्वयंशिक्षित' ही चरित्रातील नोंद आहे. तिला समीक्षेच्या निकषाचे स्थान देणे योग्य नाही.

३. सहानुभूती समीक्षेची जागा घेऊ शकत नाही. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या कलाकृतींचे, लेखनाचे मूल्यमापन करणाऱ्या आपणा अध्यापकांना हे विशेषत्वाने लागू पडते. 'परिस्थितीच्या मानाने चांगले' या शेऱ्यात कौतुक असले, तरी त्या विद्यार्थ्याचे काम पूर्णपणे पाहिले गेलेले नसते. आरा यांची फुलदाणी आपल्याकडून सवलत मागत नाही. ती नीट पाहिली जावी, एवढीच तिची अपेक्षा आहे.